चौदा नर, दीड लाख आणि हेड्याची मजुरी

2025 च्या मे महिन्यात, बकरी ईद महिनाभरावर आली असताना, कर्नाटकातल्या चिकोडी तालुक्यातल्या एका मेंढपाळ घरी नेहमीचा हेडी, म्हणजे घरोघरी जनावरं घेणारा व्यापारी, आला आणि चौदा नरांचे मिळून दीड लाख बोलला. निम्मे लगेच, निम्मे ईद झाल्यावर. घरच्यांनी नको म्हटलं. त्या वर्षी सगळे नर थेट गिऱ्हाइकाला द्यायचे असं त्यांनी ठरवलं होतं. पुढं काय झालं, पैसे किती आले आणि त्यातले हातात किती राहिले, त्याचा हा हिशेब. कुटुंबाच्या सांगण्यावरून नाव आणि गाव घातलेलं नाही.

घर साधं आहे. नवरा-बायको, सासू, निपाणीत कॉलेजला जाणारा मुलगा. दूधगंगेच्या बाजूला दोन एकर, त्यात बहुतेक ऊस. आजोबांच्या काळात कळप पावसाळ्यात फिरतीवर असायचा. आता बावीस मेंढ्या आणि एक एडका, म्हणजे पैदाशीचा मेंढा, वर्षभर घरीच. कारखाने चालू असेपर्यंत उसाचं वाडं, मग रब्बीच्या मोकळ्या रानातली चराई, बांधावरची सुबाभूळ. लोकरीला भाव उरलेला नाही. खतासाठी दुसऱ्यांच्या शेतात मेंढरं बसवायचे थोडे पैसे किंवा धान्य मिळतं. म्हणजे वर्षाची खरी कमाई एकाच गोष्टीवर, नर विकण्यावर.

मेंढ्या दख्खनी, काळ्या आणि मिश्र रंगाच्या. एडका माडग्याळच्या रक्ताचा. माडग्याळ हे सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातलं गाव. तिथल्या मेंढ्याचं फुगीर, पोपटाच्या चोचीसारखं नाक आणि उंच अंग बघून सीमाभागातले हौशी लोक वेडे होतात. आटपाडीच्या कार्तिक यात्रेत अशा मेंढ्यांवर लाखांच्या बोली लागल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. त्या बातम्या वाचून गिऱ्हाईक येतं आणि अर्ध्या रक्ताच्या मेंढ्यालाही तसं नाक शोधतं. या घरानं मात्र कुणालाही 'असली माडग्याळ' म्हणून मेंढा विकला नाही. त्यामुळं दोन गिऱ्हाइकं गेली. ती गेली ते बरंच झालं, कारण असं गिऱ्हाईक पुन्हा चार माणसं घेऊन भांडायला येतं.

चौदा नरांत दोन गट होते असं म्हणायला हरकत नाही. सहा मोठे, 2024 च्या जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेले, दोन कायमचे दात आलेले, वजन अडतीस ते पंचेचाळीस किलो. हे मुद्दाम ईदेसाठी राखून ठेवलेले. आणि आठ बारके, दिवाळीच्या आगेमागे झालेले, वीस ते पंचवीस किलोचे. हेड्यानं दीड लाख सांगितले तेव्हा सासूबाईंनी फोड विचारली. मोठ्यांचे पंधरा हजार, बारक्यांचे साडेसात, असं त्यानं सांगितलं. वर म्हणाला, "अक्का, मोठी सा घ्यायला कुणीबी येतंय. बारकी आठ कोण नेणार? मी सगळी नेतो, म्हणून हा दर." हे वाक्य त्या दिवशी कुणी मनावर घेतलं नाही. पुढचा सगळा हिशेब त्याच वाक्याभोवती फिरतो.

गिऱ्हाईक कोण आलं

मुलानं मेंढ्यांचे व्हिडिओ काढून स्टेटसला लावले, निपाणी आणि संकेश्वरच्या ओळखीच्या लोकांना पाठवले. आठवड्याभरात माणसं यायला लागली. बहुतेक ईदेसाठी. निपाणीचे एक गॅरेजवाले चाचा आले, त्यांनी पहिल्यांदा मेंढ्याचं तोंड उघडून खालचे दात बघितले, मग शिंगं, कान, डोळे, आणि शेवटी चार पावलं चालवून बघितलं. अंगावर हात सगळ्यात शेवटी. हेडी नेमका उलटा बघतो: आधी कंबरेवर आणि शेपटीच्या मुळाशी हात, मग बाकीचं. खाटकाला मांस पाहिजे, कुर्बानीला निर्दोष जनावर पाहिजे. लंगडं, आंधळं, मुळापासून शिंग तुटलेलं किंवा कान बराचसा कापलेलं जनावर चालत नाही. बोकड पुरता वर्षाचा लागतो. मेंढ्याच्या बाबतीत सहा महिन्यांवरचं, पण वर्षाचं दिसेल असं धडधाकट जनावर चालतं असं अनेक जाणकार सांगतात. तरी गिऱ्हाईक दोन दात बघितल्याशिवाय गप्प बसत नाही. घरच्या बोकडाचा नियम ते मेंढ्यालाही लावतात, आणि दात हा एकच पुरावा असा की जो विकणाऱ्याच्या तोंडावर अवलंबून नाही.

या बघण्यामुळं मोठ्या सहांना चांगले दर आले. चोवीस हजार, बावीस, एकवीस, एकवीस, साडेएकोणीस. सहाव्याचेही एकवीस हजार ठरले आणि दोन हजार इसार मिळाला, पण त्याची गोष्ट वेगळी आहे. दर उभ्या मेंढ्याचा, नगावर. ईदेच्या गिऱ्हाइकाला वजनात रस नसतो. चोवीस हजारांचा मेंढा सगळ्यात जड नव्हताच. त्याची शिंगं गोल वळलेली होती आणि अंग पांढरं.

घासाघीस कुठल्या भाषेत व्हायची ते माणसावर. गोकाककडचे एकजण "स्वल्प कडिमे माडरी", थोडं कमी करा, म्हणत पाऊण तास उभे राहिले आणि शेवटी पाचशे कमी करून घेऊन गेले. रुमालाखाली बोटं धरून दर ठरवायची बाजारातली रीत इथं चालत नाही, कारण घरी आलेल्या गिऱ्हाइकासोबत बायको, मेव्हणा, दोन पोरं असतात आणि सगळ्यांसमोर बोलावं लागतं. बोलणं वैनींनी, म्हणजे घरच्या सुनेनं, केलं. नवरा पहिल्या नकारालाच खाली यायचा.

दुसरं गिऱ्हाईक जत्रेचं आणि वाट्याचं. मंदिराच्या आवारात बळी द्यायला कर्नाटकात 1959 च्या कायद्यानं बंदी आहे, म्हणून जत्रेचं जेवण शेतात किंवा घरी होतं. मेंढा मात्र लागतोच. वाट्याची पद्धत सगळ्यांना माहीत आहे: सात-आठ घरांनी मिळून एक बकरं घ्यायचं, कापून समान वाटे घालायचे. 2019 च्या अखेरीस कोल्हापुरात मटणाच्या दरावरून आंदोलन झालं, तेव्हा कागल-निपाणी पट्ट्यात या जुन्या पद्धतीची पुन्हा बरीच चर्चा झाली. हे लोक वजनावर घेतात. इथला वजनाचा प्रश्न नाजूक असतो. पोटात चारा-पाणी असेल तर चाळीस किलोच्या मेंढ्यात दोन-तीन किलोंचा फरक सहज पडतो, आणि गिऱ्हाइकाला वाटतं की मीठ चारून पाणी पाजलंय. या घरानं सरळ अट घातली: सकाळी चारा टाकायच्या आधी या, तुमच्यासमोर काट्याला लावतो. झाडाला टांगायचा साधा काटा शेजाऱ्याकडून आणला. एवढ्यानं वजनावरचं भांडण संपलं.

वाट्याच्या गिऱ्हाइकाला मटण स्वस्त पडतं हा गैरसमज आहे. जिवंत वजनाच्या साधारण पंचेचाळीस ते पन्नास टक्के मटण निघतं. चाळीस किलोचं बकरं चारशे रुपये किलोनं घेतलं तर सोळा हजार, मटण एकोणीस किलोच्या आसपास. म्हणजे किलोला साडेआठशेच्या जवळ. मुंडी, पाय, वजडी वाटून घेतली तरी दुकानाशी जेमतेम बरोबरी. लोक तरीही घेतात, कारण काय कापलं ते डोळ्यासमोर असतं.

शिंग

सहावा मेंढा संकेश्वरच्या एका घरानं ठरवला. दोन हजार इसार दिला, नेणार ईदेच्या आदल्या दिवशी. शहरात जनावर बांधायला जागा नसते, म्हणून जवळजवळ सगळ्यांनीच 'तुमच्याकडेच राहू दे' म्हटलं होतं. ही सोय गिऱ्हाइकाला हवी असते आणि विकणारा ती सहज कबूल करतो. सौदा ठरला या आनंदात पुढच्या तीन आठवड्यांचं खाणं, राखण आणि जोखीम फुकट देऊन टाकतो.

सहाही मोठे एकाच कोंडवाड्यात होते. दाणा वाढवलेला, मेंढ्या समोर बांधलेल्या, नर मस्तीला आलेले. ईद सात जूनला, शनिवारी. त्याच्या आधीच्या आठवड्यात दोघांची टक्कर झाली आणि संकेश्वरच्या मेंढ्याचं डावं शिंग मुळातून गेलं. रक्त थांबलं, जखम भरली, मेंढा खायला लागला. पण कुर्बानीच्या कामाचा राहिला नाही. घरच्यांनी त्याच संध्याकाळी फोन करून सांगितलं, इसार परत केला. गिऱ्हाइकानं पैसे घेतले खरे, पण आठवडाभरात दुसरं जनावर शोधायचं म्हणून चिडून दोन शब्द बोललाच. त्याच्या जागी मी असतो तर मीही बोललो असतो. इसार घेताना 'मेंढ्याला काही झालं तर काय' हा विषय कुणी काढलाच नव्हता.

तो मेंढा आषाढात वाट्यावर गेला, चाळीस किलो, सोळा हजार. ठरलेल्या दरापेक्षा पाच हजार कमी. तरी हेड्याच्या पंधरा हजारांवर एक हजार जास्तच, हे नोंदवून ठेवण्यासारखं.

बारके आठ

इथं खरी गोची झाली. ईदेच्या गिऱ्हाइकांनी आठांतले दोन निवडले, सगळ्यात भरलेले. एक जावळाच्या जेवणासाठी गेला. तिन्ही साडेअकरा हजारांनी. हेड्याच्या साडेसातच्या पुढं चार हजार म्हणजे घरात सगळे खूश. पण तीन गेल्यावर मागं उरलेले पाच एकत्र उभे केले की ते पहिल्यापेक्षा बारीक दिसायला लागले. प्रत्येक नवं गिऱ्हाईक त्यांच्याकडं बघून 'यातले चांगले गेले वाटतं' म्हणायचं. निवडून दिलेल्या मालाची किंमत उरलेल्या मालातून जाते. तिघांना चार हजार जास्त मिळाले ते या पाचांच्या अंगावर पडले.

ईद झाली, पाऊस लागला, गिऱ्हाईक थांबलं. मोठ्यांसाठी आणलेला मक्याचा भरडा आणि पेंड शिल्लक होती. या पाचांना लवकर भरवू म्हणून दाणा एकदम वाढवला, त्यात पहिल्या पावसाचं कोवळं गवत. एक नर, पाचांतला त्यातल्या त्यात धष्टपुष्ट, संध्याकाळी ठीक होता आणि सकाळी मेला. पशुवैद्यकांनी लक्षणं ऐकून आंत्रविषार असावा असं सांगितलं. हा रोग नेमका असाच येतो: आतड्यात मुळातच थोड्या संख्येनं असणारे जंतू जास्त दाण्यावर आणि कोवळ्या चाऱ्यावर भराभर वाढतात, विष तयार करतात, आणि चांगलं खाणारं जनावर आधी जातं. त्याची लस पावसाळ्यापूर्वी देतात. मे महिन्यात मेंढ्यांना ती दिलेली होती. बारक्या नरांना दिली नव्हती, कारण 'पंधरा दिवसांत विकायचेच आहेत'. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या रोगाची लस सगळ्यांना झाली होती. ती एकदा दिली की साधारण तीन वर्षं पुरते. आंत्रविषाराची दरवर्षी द्यावी लागते, म्हणून तिचाच कंटाळा होतो.

उरलेले चार त्याच हेड्याला सहा हजार आठशेनं गेले. त्यानं मे महिन्यातल्या दराची आठवण करून दिली नाही. दर पडलेला होता, त्याची गाडी रिकामी जात नव्हती, आणि त्याला घाई नव्हती.

हिशेब

मोठे पाच: एक लाख सात हजार पाचशे. शिंग गेलेला: सोळा हजार. बारके तीन: चौतीस हजार पाचशे. शेवटचे चार: सत्तावीस हजार दोनशे. एकूण 1,85,200 रुपये. हेड्याच्या दीड लाखाच्या वर 35,200. गावात हाच आकडा फिरला आणि तो ऐकून अजून दोन-तीन घरांनी पुढच्या ईदेला असंच करायचं ठरवलं आहे.

आता खर्च. सौदा नाकारल्यापासून सगळे जाईपर्यंतचा दाणा-चारा 8,400. बेळगावच्या तीन गिऱ्हाइकांना घरपोच द्यायचं कबूल केलं होतं, टेम्पोचे 3,500. औषधपाणी 1,800. राहिले 21,500. पण त्या काळात कुणीतरी सतत घरी लागायचं, गिऱ्हाईक कधी येईल सांगता येत नाही. नवरा एरवी गवंड्याच्या हाताखाली जातो, पाचशे रुपये रोज. वीसेक रोज बुडाले, दहा हजार. राहिले 11,500. वैनींच्या आणि सासूबाईंच्या वेळेची किंमत यात धरलेलीच नाही.

फोड करून बघितली तर चित्र आणखी स्पष्ट होतं. मोठ्या सहांचे हेडी नव्वद हजार देत होता, मिळाले 1,23,500. फायदा 33,500, तोही एक शिंग गमावून. बारक्या आठांचे तो साठ हजार देत होता, मिळाले 61,700. सतराशे रुपयांसाठी आठ जनावरं महिना-दीड महिना जास्त सांभाळली, एक गमावलं. दाण्या-चाऱ्याच्या खर्चातले निम्म्याहून जास्त यांनीच खाल्ले. बारक्यांमध्ये हे घर सरळ तोट्यात गेलं आहे. मोठ्यांच्या फायद्यानं तो तोटा झाकला.

हेडी लुबाडतो असं आपण लहानपणापासून ऐकतो, आणि लुबाडणारे असतातही. उधारी बुडवणारे तर प्रत्येक गावाला माहीत आहेत. पण या प्रकरणात हेडी नेमकं काय करत होता ते मांडून बघायला पाहिजे. तो चांगलं-वाईट एकत्र उचलत होता. उचलल्या दिवसापासून खाणं, आजार, मोडतोड त्याची. गाडी त्याची. निवडून राहिलेला माल कुठं खपवायचा ही डोकेदुखी त्याची. मोठ्या नरामागं सहा-सात हजार त्याला मिळतात त्यातला बराचसा भाग या कामांची मजुरी आहे. थेट विक्री म्हणजे ही सगळी कामं आपल्या घरात आणणं. ती जिथं परवडतात तिथं जरूर आणावीत. दोन दाती, शिंगदार, ईदेच्या तोंडावरच्या मेंढ्यात ती परवडली. बारक्यांत परवडली नाहीत, आणि मला वाटतं छोट्या कळपाला ती कधीच परवडणार नाहीत. ज्याच्याकडं शंभर-दोनशे नर आहेत त्याच्याकडं एका खेपेला उरलेले पुढच्या खेपेत मिसळून जातात. चौदातले पाच उरले की ते पाचच दिसतात.

टेम्पोबद्दल एक सांगायला हवं. 1978 च्या जनावर वाहतूक नियमांप्रमाणं सहा तासांहून लांबच्या प्रवासात शेळ्या-मेंढ्या नेताना त्या प्रवासाला धडधाकट आहेत आणि संसर्गजन्य रोग नाही असा पशुवैद्यकाचा दाखला लागतो. 2020 चा कर्नाटकचा कायदा गोवंश आणि म्हशींचा, मेंढ्यांचा त्याच्याशी संबंध नाही. तरी ईदेच्या आठवड्यात जनावरांची कुठलीही गाडी दिसली की रस्त्यात चौकशी होते. राज्याच्या सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडून कागल-कोल्हापूरला न्यायचं असेल तर दाखला खिशात असलेला बरा. या घरानं तो काढला होता, टेम्पो दिवसा नेला, त्रास झाला नाही. घरपोचचे पैसे मात्र गिऱ्हाइकाकडून घ्यायला हवे होते. बावीस हजारांचा मेंढा घेणारा माणूस हजार-बाराशे भाड्यावर अडून बसत नाही. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर.

पुढची ईद

2026 ची बकरी ईद मे महिन्याच्या अखेरीस आहे. दरवर्षी ती दहा-अकरा दिवस अलीकडं सरकते, म्हणजे 2030 च्या सुमारास एप्रिलच्या मध्यावर येईल. जानेवारीत जन्मलेला नर दरवर्षी ईदेला थोडा लहान ठरत जाईल. दिवाळीच्या आगेमागे झालेले, ज्यांना आज आपण बारके म्हणून हेड्याला देतो, तेच पुढच्या चार-पाच वर्षांत दीड वर्षाचे होऊन ईदेला बरोबर बसतील. एडका कळपात कधी सोडायचा याचा विचार आत्तापासून करावा लागेल. एक सोय होईल: ईद पावसाच्या तोंडावरून उन्हाळ्यात गेली की शेवटच्या आठवड्यातलं कोवळं गवत आणि त्यातले रोग टळतील.

2026 च्या ईदेसाठी घरानं सात मोठे राखले आहेत. प्रत्येकाला वेगळं दावं, दोन मेंढ्यांत अंतर. इसारीच्या वेळी तीन गोष्टी बोलायच्या ठरल्या आहेत: ईदेपर्यंत सांभाळायचे रोजचे पैसे, घरपोचचं भाडं, आणि मेंढ्याला काही झालं तर इसार परत, त्यापुढं काही नाही. आंत्रविषाराची लस विकायच्या-ठेवायच्या सगळ्यांना. आणि बारके आधी द्यायचे, ईदेनंतर नाही. चैत्रात, जेव्हा हेड्याला गाडी भरायला माल कमी पडतो.

तसं त्याला विचारलंही. हेडी म्हणाला, बारक्यांना आठ हजार देतो, पण त्यांच्यासोबत मोठ्यातले दोन मला पाहिजेत, साडेपंधरानं, माझ्या पसंतीचे. म्हणजे त्यालाही निवड पाहिजे. वैनी एक द्यायला तयार आहेत, तोही बिनशिंगाचा. बोलणं तिथं अडकलं आहे.